ब्युरोचं कार्ड नको, आजीची पाठ बघा! घरी पेशंट सांभाळणारी सेवा चांगली की वाईट, हे असं ओळखा

बदलापूर : सकाळची लोकल पकडून मुलगा मुंबईला, सून ठाण्याला. परत यायला रात्रीचे आठ-नऊ. मधल्या बारा-चौदा तासांत घरी असतात ते पक्षाघाताने एक बाजू गेलेले वडील, नाहीतर खुब्याचं हाड मोडून पडून असलेली आई. बदलापूर, अंबरनाथ, वांगणी पट्ट्यात असं घर आज शोधावं लागत नाही. आसपासच्या गावांतही मुलगा-सून एमआयडीसीत कामाला जातात आणि म्हातारं माणूस खाटेवर एकटं राहतं.

मग कुणीतरी नंबर देतं. ब्युरोला फोन जातो, पैसे ठरतात आणि दुसऱ्या दिवशी मावशी दारात उभी राहते. पण तिचं काम नीट चाललंय की नाही हे कसं बघायचं, ते कुणी सांगत नाही. मावशी वेळेवर येते का, गोड बोलते का, भांडी घासून देते का, एवढ्यावरच बहुतेक घरांत मत ठरतं. आणि एक दिवस अंघोळ घालताना दिसतं की पाठीला खोल जखम झाली आहे.

२०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात जवळपास दर दहावा माणूस साठीच्या पुढचा होता. म्हणजे हा प्रश्न आज शेजारच्या घरात असला तरी उद्या आपल्या घरात येणार आहे. त्यासाठी ही माहिती.

दर्जा बघणारं सरकारी खातं आहे का?

इंग्लंडमध्ये घरी सेवा देणाऱ्या संस्थांची सरकारी आयोगाकडून तपासणी होते. सेवा सुरक्षित आहे का, तिचा उपयोग होतो का, माणुसकीने दिली जाते का, गरजेप्रमाणे बदलते का आणि संस्थेचा कारभार नीट आहे का, हे पाच प्रश्न विचारून संस्थेला चारपैकी एक श्रेणी देतात. ती श्रेणी कुणालाही बघता येते.

आपल्याकडे घरी मावशी पाठवणाऱ्या ब्युरोला अशी श्रेणी देणारी यंत्रणा नाही. ब्युरोवाले भिंतीवरचा शॉप ॲक्टचा कागद दाखवतात. तो कागद म्हणजे धंद्याची नोंद. सेवा चांगली असल्याचा तो दाखला नाही. त्यामुळे तपासणीचं काम घरच्यांनाच करावं लागतं. ते अवघड नाही, फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

आवेदिस डोनाबेडियन या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये आरोग्यसेवा पारखायची एक साधी रीत मांडली. ती आजही जगभर वापरतात. तीन गोष्टी बघायच्या : तयारी काय आहे, काम कसं होतं आणि परिणाम काय झाला. आपल्या घरासाठीही हीच रीत चालते. मावशीचं शिक्षण, ब्युरोची माहिती ही झाली तयारी. कूस बदलणं, भरवणं, अंघोळ हे झालं काम. आणि आजीची पाठ, भूक, झोप, चेहरा हा झाला परिणाम. पहिल्या दोन गोष्टी दाखवण्यापुरत्या नीट असू शकतात. तिसरी गोष्ट लपत नाही.

आधी ठरवा : मदत नेमकी कशाला लागते?

"बाबांना सांभाळायला बाई पाहिजे" एवढंच सांगितलं की ब्युरो मिळेल त्या माणसाला पाठवतो. त्याआधी घरच्यांनी सहा कामांची यादी करावी. डॉक्टर मंडळी हीच सहा कामं विचारतात :

१. अंघोळ
२. कपडे घालणं
३. संडासला जाणं
४. खाटेवरून उठून खुर्चीत बसणं
५. लघवी-संडासवर ताबा
६. स्वतःच्या हाताने जेवणं

प्रत्येकापुढे "स्वतः करतात" किंवा "मदत लागते" असं लिहा. दोन-तीन कामांना मदत लागत असेल तर दिवसाचा माणूस पुरेल का ते बघता येतं. सहाही कामांना मदत लागत असेल तर रात्रीचाही विचार करावा लागतो. हीच यादी दर महिन्याला पुन्हा भरा. पहिल्या महिन्यात आई आधाराने खुर्चीत बसत होती आणि तिसऱ्या महिन्यात खाटेवरून उठतच नाही, तर दोनच शक्यता. आजार वाढलाय, नाहीतर मावशी तिला उठवतच नाही. दोन्ही वेळेला डॉक्टरांना विचारायला हवं.

मावशी आणि नर्स यांत फरक आहे

पांढरा कोट घातला की नर्स होत नाही. नर्सचं शिक्षण झालेल्या व्यक्तीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक असतो. "सिस्टर पाठवतो" असं सांगून नर्सचे पैसे घेतले जात असतील तर तो क्रमांक मागा.

अंघोळ, भरवणं, डायपर बदलणं, कूस वळवणं, आधार देऊन चालवणं ही कामं सराव असलेली मावशी किंवा वॉर्डबॉय करू शकतात. काहींनी जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचा कोर्स केलेला असतो, त्याचं प्रमाणपत्र बघावं. पण सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, नाकातली नळी बसवणं, लघवीची नळी बदलणं ही कामं नर्सची किंवा डॉक्टरांची. मावशी म्हणाली, "मला येतं, मी करते", तरी तिला करू देऊ नका. नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेतू शकतं.

पैसे देण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. येणाऱ्या व्यक्तीचं आधार, फोटो आणि पोलीस पडताळणी आहे का? बदलापूर शहरातली पूर्व-पश्चिम ठाणी ठाणे शहर पोलिसांकडे येतात, तर कुळगाव पोलीस ठाणं ठाणे ग्रामीणकडे. आपलं घर कोणत्या ठाण्यात येतं ते विचारून घ्या.

२. आधी अशाच आजाराचा पेशंट सांभाळलाय का? त्या घरचा फोन नंबर मिळेल का?

३. मावशी आली नाही तर बदली कोण आणि किती तासांत? पावसाळ्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा दिवशी कल्याणहून येणारी मावशी पोहोचत नाही आणि मुंबईला गेलेला मुलगाही परतू शकत नाही. एखादा शेजारी आधीच सांगून ठेवावा.

४. रजिस्ट्रेशनचे पैसे किती? सेवा बंद केली तर परत मिळणार का?

५. महिन्याच्या रकमेतले मावशीच्या हातात किती पडतात? फारच कमी पडत असतील तर ती दुसरं काम मिळताच निघून जाणार. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस म्हणजे पेशंटचे हाल.

६. कोणती कामं करणार आणि कोणती नाही, हे कागदावर मिळेल का?

७. पावती मिळेल का? पैसे ब्युरोच्या खात्यावरच द्या, कुणाच्या खासगी नंबरवर नको.

पहिल्या दिवशी एक वही आणा

दहा-वीस रुपयांची वही आणून खाटेजवळ दोरीने बांधून ठेवा. मावशीने त्यात वेळ टाकून लिहायचं : पाणी किती वेळा दिलं, काय खाल्लं, किती खाल्लं, औषध कोणतं, कूस कधी बदलली, लघवी-संडास कधी, काही नवीन दिसलं का. मावशीला लिहिता येत नसेल तर ग्लास, ताट, गोळी, खाट अशी चित्रं काढून ठेवा, तिने खूण करायची.

वही रात्री दोन मिनिटं बघायची. आठवडाभर रोज एकसारख्याच वेळा आणि एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारखं अक्षर असेल तर समजा, वही संध्याकाळी भरली जाते. कधीतरी न सांगता दुपारी घरी या किंवा शेजारच्या काकूंना डोकवायला सांगा. काही घरांत कॅमेरा लावतात. लावायचा असेल तर मावशीला सांगून लावा आणि अंघोळ-कपड्याच्या जागी लावू नका. कॅमेऱ्यात मावशी खाटेशेजारी बसलेली दिसेल, पण आजीची पाठ दिसणार नाही.

आठवड्यातून एकदा स्वतः बघा

रविवारी अंघोळ किंवा अंग पुसणं घरच्या माणसाने स्वतः करावं. त्या अर्ध्या तासात बाकी कुणी सांगणार नाही एवढं कळतं.

पाठ, माकडहाड, टाचा : सतत एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडावरच्या कातडीवर दाब येतो, रक्त पोहोचत नाही आणि जखम होते. यालाच बेडसोर, गावाकडच्या भाषेत 'बेडसोल', म्हणतात. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची हाडं आणि डोक्याची मागची बाजू नीट बघा. लालसर जागा दिसली तर बोटाने दाबून सोडा. लाली गेली नाही तर ती बेडसोरची सुरुवात आहे. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. म्हणून हात लावून बघा : ती जागा बाजूपेक्षा गरम, कडक, काळपट किंवा दुखरी आहे का? अशा जागेवर चोळू नका, मालिश करू नका, गोल रिंगही ठेवू नका. तिथला दाब काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. हलता न येणाऱ्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हवेची गादी असली तरी कूस बदलणं सुटत नाही. शिवाय वीज गेली की त्या गादीचा पंप बंद पडतो, हेही लक्षात ठेवा.

अंगावर मांस आहे का : खाटेवरच्या माणसाचं वजन करता येत नाही. शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, ब्लाऊज सैल झाला तर पोटात कमी जातंय.

पाणी : ओठ-जीभ कोरडी, लघवी गडद आणि उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. काही ठिकाणी डायपर वारंवार बदलायला लागू नये म्हणून मुद्दाम पाणी कमी देतात. मग संडास घट्ट होतो, लघवीला जंतुसंसर्ग होतो, म्हातारं माणूस बडबडायला लागतं आणि घरच्यांना वाटतं वयामुळे होतंय. मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला पाणी किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

झोप आणि गोळ्या : आजोबा दिवसभर गुंगीत असतील तर गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या मोजा. शांत पडून राहावं म्हणून झोपेची गोळी जास्त दिली जाण्याचा धोका असतो. मनगटावर वळ किंवा दंडावर बोटांचे निळे ठसे दिसले तर कारण विचाराच.

भरवण्याची पद्धत : आडवं झोपवून भरवणं धोक्याचं. घास किंवा पेज फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. बसवून भरवायचं आणि नंतर अर्धा तास तरी बसलेलं किंवा डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. नळीतून पेज देतानाही डोकं उंच हवं. लघवीची पिशवी कमरेपेक्षा खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

पडणं : महिन्यात एकदाही पेशंट पडला तर तो कुठे पडला आणि त्या वेळी मावशी कुठे होती, हे शांतपणे विचारा. दोष नेहमी मावशीचा नसतो. ओली फरशी, संडासला नसलेला कठडा, रात्री बंद असलेला दिवा ही कारणं घरातलीच असतात.

माणूस म्हणून वागवलं जातं का?

पोट भरलंय, कपडे स्वच्छ आहेत, तरी सेवा वाईट असू शकते. डायपर बदलताना दार लोटतात का? आजोबांना नावाने, "बाबा" म्हणून हाक मारतात का, की "ए म्हाताऱ्या"? चहा कधी घ्यायचा, टीव्हीवर कीर्तन लावायचं की बातम्या, हे त्यांना विचारलं जातं का? ज्या हाताने घास उचलता येतो त्या हाताने त्यांना खाऊ देतात का, की वेळ वाचवायला भराभर कोंबतात?

हे पेशंटलाच विचारायचं, तेही मावशी खोलीत नसताना. "सगळं बरं आहे ना?" असं विचारू नका. त्याला उत्तर ठरलेलं : "बरं आहे बाबा." मुलांवर भार नको म्हणून म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत. "काल दुपारी काय खाल्लं? संडासला किती वेळ थांबावं लागलं? रात्री हाक मारली तर कोण आलं?" असं विचारा. बोलता येत नसेल तर मावशी जवळ आली की चेहरा कसा होतो ते बघा. अंग आखडून घेतात की हात पुढे करतात?

मावशीकडेही बघा

चोवीस तासांची ड्युटी म्हणजे चोवीस तास जागं राहणं नव्हे. रात्री चार वेळा उठणारी मावशी दुसऱ्या दिवशी स्वयंपाक, धुणं, भांडी, नातवंडं हेही करत असेल तर कूस बदलायची ती विसरणारच. तिला झोपायला जागा, पोटभर जेवण, आठवड्याची सुट्टी आणि ठरलेल्या तारखेला पैसे मिळायला हवेत. जड पेशंट एकटीने उचलायला लावला तर तिची कंबर जाते आणि पेशंटही पडतो. ही कामं करणाऱ्या बऱ्याच बायका स्वतःच्या घरी लहान पोरं ठेवून आलेल्या असतात. चांगली मावशी मिळाली तर तिला टिकवणं हाही दर्जाचाच भाग आहे.

घरचेच सांभाळत असतील तर?

बहुतेक घरांत ब्युरो परवडतच नाही. सून, मुलगी किंवा सत्तरीची बायकोच सगळं करते. तिलाही हीच मोजमापं लागू आहेत, पण दोष द्यायला नव्हे, मदत करायला. पाठीला लाली दिसली तर "तू लक्ष देत नाहीस" म्हणण्याआधी रात्रीची एक कूस मुलाने स्वतः बदलावी. सांभाळणारीची झोप, कंबर, चिडचिड हीसुद्धा वहीत लिहायची गोष्ट आहे. भावंडं लांब असतील तर निदान महिन्यातले दोन दिवस त्यांनी येऊन तिला मोकळं करावं.

सरकारकडून काय मिळतं?

• आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिर : आशाताई भरतात त्या तपासणी फॉर्ममध्ये साठीवरच्यांसाठी तोल जातो का, रोजच्या कामाला मदत लागते का, जवळच्यांची नावं विसरतात का, असे प्रश्न असतात. ते नीट भरून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठांना घरी भेट देणं हे राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना घरी भेटीसाठी सांगा. जखम मोठी असेल तर बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठा.

• मुख्यमंत्री वयोश्री योजना : ६५ वर्षांवरील, वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये.

• सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड : पाच लाखांपर्यंतचे उपचार, पण ते दवाखान्यात दाखल होण्यासाठी. घरच्या मावशीचा पगार त्यातून मिळत नाही. कुणी "कार्डावर मावशी देतो" म्हणालं तर सावध राहा.

बिघडलंच तर तक्रार कुठे?

मारहाण, चोरी, बांधून ठेवणं असं काही दिसलं तर थेट ११२. आधी फोटो काढा, वही जपून ठेवा, पेशंटला डॉक्टरांकडे नेऊन नोंद करून घ्या.

ब्युरोने पैसे घेऊन ठरलेली सेवा दिली नाही तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. तिथे मिटलं नाही तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या : मावशीला तुम्ही थेट पगारावर ठेवलं असेल तर ती व्यक्तिगत चाकरी धरली जाते आणि ग्राहक कायदा लागत नाही. ब्युरोशी व्यवहार असेल तरच लागतो. म्हणून ब्युरोची पावती आणि लेखी कागद जपून ठेवा.

ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाईन १४५६७ आहे. मुलंच सांभाळत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली आई-वडिलांना प्रांत कार्यालयात निर्वाह खर्चासाठी अर्ज करता येतो. ज्येष्ठ व्यक्तीला वाऱ्यावर सोडून देणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

थोडक्यात

• दर रविवारी : पाठ, माकडहाड, टाचा
• दर महिन्याला : दंडाचा घेर आणि सहा कामांची यादी
• रोज रात्री : वही दोन मिनिटं
• कधीतरी : न सांगता दुपारी फेरी
• नेहमी : पेशंटशी एकट्याने बोलणं

हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा : तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठ नागरिक १४५६७, ग्राहक १९१५.

घरात कुणी खाटेवर असेल तर या रविवारची अंघोळ तुम्हीच घाला. सुरुवात टाचांपासून करा.